एथेल ग्रिमशॉच्या नावानं

शुक्रवारी गिरणीतून आलं की इंकरमन स्ट्रीटवरची प्रत्येक बाई गुडघ्यांखाली पोतं घालून दारातली पायरी घासायला बसायची. ज्या घरची पायरी काळी, त्या घरची बाई आळशी, असा आमच्या हॅडरशॉत सरळ हिशेब होता. त्या शुक्रवारी एथेल ग्रिमशॉ पायरीवर ती उजळवायचा पिवळा दगड फिरवत होती, तेव्हा चकचकीत काळ्या बुटांचा एक जोड तिच्या बादलीपाशी येऊन थांबला.

"पाय देऊ नका, ओली आहे," ती वर न बघताच म्हणाली.

"मिसेस एथेल ग्रिमशॉ?"

बघते तर फॉदरगिल वकील. हा माणूस गावात दोनच कारणांनी कुणाच्या दारात उभा राहायचा. एक तर घर खाली करायचं असेल, नाहीतर कुणी मेलेलं असेल. समोरच्या घरात मिसेस शटलवर्थ आपली पायरी पुसायची थांबून उघड उघड बघत बसली होती.

"आत जाऊन बोलू या का?" वकील हळूच म्हणाला.

आत वॉल्टर, एथेलचा नवरा, शेगडीपाशी पाय पसरून बसला होता. तो त्याच गिरणीत जॉबर होता, बिघडलेले माग दुरुस्त करणारा; ती साचे, म्हणजे ते माग, चालवायची. दोघांच्या लग्नाला पंचवीसेक वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. वॉल्टरला कबुतरांचा नाद होता आणि एथेलला चॅपलच्या गायकवृंदाचा. त्यापलीकडे दोघांनी जगाकडे कधी काही मागितलं नव्हतं, आणि जगानंही आपणहून काही दिलं नव्हतं.

फॉदरगिलनं टोपी मांडीवर ठेवली आणि सांगितलं, की नुकतेच वारलेले एझ्रा डकवर्थ यांनी टेकडीवरचं आपलं घर आणि पेपरमिंटच्या कारखान्यातला आपला मोठा हिस्सा इंकरमन स्ट्रीटच्या एथेल ग्रिमशॉ हिच्या नावानं ठेवला आहे.

वॉल्टर मोठ्यानं हसला. "कोण, डकवर्थ? तो म्हातारा? अहो, तो माणूस चॅपलच्या दानाच्या ताटात पैशाऐवजी बटण टाकायचा!"

"मृत्युपत्रात तसं लिहिलंय," फॉदरगिल म्हणाला. मग घसा साफ करून त्यानं पुढचं वाचलं. "'तिच्या धीराबद्दल आणि तिनं पाळलेल्या मौनाबद्दल.'"

वॉल्टरचं हसू तोंडावरच राहिलं. त्यानं एथेलकडे बघितलं. एथेलनं हातातल्या ओल्या फडक्याकडे बघितलं.

"कसलं मौन?" वॉल्टरनं विचारलं.

"मला काय माहीत!" एथेल म्हणाली. "मी त्या माणसाशी 'गुड मॉर्निंग'पलीकडे उभ्या जन्मात काही बोललेले नाही."

हे अगदी खरं होतं. पण खरी गोष्ट कधी कधी अशी वाजते, की बोलणाऱ्यालाच ती खोटी वाटावी.

सोमवारी ती साचेखात्यात शिरली, तेव्हा बातमी तिच्या आधीच तिथं पोचली होती. त्या खात्यात शेकडो साचे एकदम धडधडत असायचे. तिथं कुणी कुणाला ऐकू जात नसे. म्हणून आमच्याकडच्या साचेवाल्या बायका ओठ हलवून बोलायच्या आणि ओठ बघून ऐकायच्या. एथेल त्यात पटाईत होती. इतकी, की रस्त्यापलीकडच्या खिडकीतलं बोलणंही तिला कळायचं. त्या दिवशी पहिल्यांदा तिला वाटलं, ही विद्या आपल्याला येत नसती तर बरं झालं असतं.

"मौन म्हणे," पलीकडच्या रांगेतली एक ओठांनी म्हणाली. "गप्प बसायचे इतके पैसे मिळत असतील, तर मी आजपासून मुकी."

"आणि चॅपलमध्ये बघा, सगळ्यात पुढे उभी राहून गाते."

"वॉल्टरला ठाऊक असेल?"

"वॉल्टरला काय, कबुतरं सोडून कशाचा पत्ता असतो!"

एथेलनं मान खाली घातली आणि तुटलेला धागा जोडला. गाठ दोनदा सुटली.

गिरण्यांना वर्षाची सुट्टी लागायला थोडेच दिवस होते. त्या सुट्टीत अख्खं हॅडरशॉ समुद्रावर जातं, आणि ग्रिमशॉ नवराबायको दरवर्षी मोरकॅमला जात. तिथं वॉल्टरचा धाकटा भाऊ हर्बर्ट बोर्डिंग हाऊस चालवायचा. समुद्रावर आठवडा काढला की सगळं निवळेल, असं एथेल स्वतःला समजावत होती. पण त्याआधीच रेजिनल्ड डकवर्थ तिच्या दारात आला.

रेजिनल्ड हा म्हाताऱ्याचा पुतण्या. मँचेस्टरला राहायचा, काकाच्या कारखान्याचा हिशेब सांभाळायचा. त्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली, आणि गल्लीतले सगळे पडदे एकदम हलले. वॉल्टर मागच्या अंगणात कबुतरांना दाणे टाकत होता. काचेतून त्याची पाठ दिसत होती. एथेलनं त्याला हाक मारली नाही. का मारली नाही, ते तिचं तिलाही नंतर सांगता आलं नाही.

रेजिनल्ड खुर्चीच्या कडेवर बसला, जणू नीट बसलं तर पँटला डाग पडेल. बोलायला मात्र अगदी मऊ.

"मिसेस ग्रिमशॉ, मी तुम्हाला दोष देत नाही. माझा काका एकटा होता. माणूस आहे, पाय घसरतो. तुम्ही सगळ्यावर पाणी सोडा. मी तुम्हाला रिकाम्या हातानं ठेवणार नाही."

"आणि नाही सोडलं तर?"

"तर कोर्ट आहे. तिथं तुम्हाला पिंजऱ्यात उभं करून विचारतील. कधीपासून भेटत होतात, कुठं भेटत होतात, नवऱ्याला ठाऊक होतं का. वर्तमानपत्रवाले समोरच बसलेले असतात. सगळं छापून येतं."

"तुमच्या काकाशी माझा काडीचाही संबंध नव्हता."

रेजिनल्डनं मान तिरकी करून तिच्याकडे बघितलं. ही बाई खरं बोलतेय, हे बहुधा त्याला त्याच क्षणी जाणवलं असावं. त्याचे डोळे बारीक झाले.

"असं असेल तर मग," तो सावकाश म्हणाला, "याच गल्लीत दुसरी कुणी एथेल ग्रिमशॉ होती का?"

आणि एथेलच्या डोळ्यांसमोर एकदम ती उभी राहिली. तिची जाऊ. हर्बर्टची बायको. तिचंही नाव एथेलच.

दोघा भावांच्या बायका, दोघींचं नाव एक. सुरुवातीचं एक वर्ष दोन्ही जोडपी याच घरात सासूजवळ राहत होती, तेव्हा गोंधळ नको म्हणून सासू त्यांना काळी एथेल आणि लाल एथेल म्हणायची. लाल एथेलचे केस तांबडेलाल होते. आणि लग्नाआधी ती डकवर्थच्या कारखान्यात गोळ्यांचे डबे भरायच्या कामाला होती. लग्न फार घाईनं झालं. मुलगी, फ्रीडा, वेळेच्या आधी झाली. दिवस न भरता झालेली असूनही चांगली गुटगुटीत होती. सासू तेव्हा म्हणाली होती, आमच्या घराण्यात पोरं अशीच दणकट होतात. आणि त्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला होता, कारण हर्बर्ट त्या पोरीला हातावरून खाली ठेवत नव्हता.

रेजिनल्ड वाट बघत होता. शेगडीवरची किटली वाजायला लागली. एथेल उठली, किटली उतरवली, आणि पाठ त्याच्याकडे ठेवूनच म्हणाली, "मी वकिलाशी बोलेन. तुम्ही आता या."

"म्हणजे दुसरी कुणी नाही?"

"तुम्ही आता या, असं म्हटलं मी."

तो गेला. खिडकीतून तिनं बघितलं. गाडीपाशी उभा राहून तो मिसेस शटलवर्थशी बोलत होता. पाठमोरा असल्यामुळे त्याचे ओठ दिसत नव्हते, पण मिसेस शटलवर्थचे दिसत होते. "मी इथं आले लढाईच्या वेळी," ती सांगत होती. "त्याच्या आधीचं मला नाही हो माहीत. म्हाताऱ्या मिसेस क्लफला विचारा, तिला सगळं ठाऊक असतं. ती मुलीकडे गेलीय. सुट्टीनंतर येईल परत."

एथेल खुर्चीत बसून राहिली. हातातला चहा तसाच गार झाला.

मोरकॅमला पोचल्यावर नेहमीसारखंच सगळं झालं. हर्बर्टनं दारातच वॉल्टरच्या पाठीत गुद्दा घातला. "काय रे लखपती! आता माझ्या बोर्डिंग हाऊसमध्ये कशाला, ग्रँड हॉटेलात उतरायचं!" फ्रीडानं एथेलच्या गळ्यात हात टाकले. ती आता चोवीस वर्षांची होती, शाळेत शिकवत होती, आणि सप्टेंबरात तिचं लग्न ठरलं होतं. लहानपणी लाल एथेल आजारी पडली की ही पोर हॅडरशॉला यायची आणि एथेलच्या कुशीत झोपायची. "काकू, खरंच तुला महाल मिळाला?" ती हसत विचारत होती. "माझं लग्न तिथंच करू या की!"

लाल एथेल मात्र दारात आली नाही. ती स्वयंपाकघरात कोळंबी सोलत बसली होती. केस आता लाल राहिले नव्हते.

जेवणघरात उतारूंची पहिली पंगत बसली होती. हर्बर्ट ताटं नेत होता, आणत होता. एथेल जावेसमोर बसली, कोळंबीचं एक भांडं पुढे ओढलं आणि सोलायला लागली. भांडं निम्मं सोलून झालं.

"तुझ्यासाठी होतं ते," शेवटी एथेल म्हणाली.

लाल एथेलचे हात थांबले नाहीत. "हळू बोल."

"त्याला ठाऊकच नव्हतं की आपल्या घरात दोन एथेल आहेत, आणि तू कधीच गाव सोडलंस."

"हळू बोल, म्हटलं ना!"

हर्बर्ट आत आला. "पाच नंबरला आणखी ब्रेड पाहिजे. काय गं, दोघी अशा मयताला बसल्यासारख्या काय बसल्यात? महाल मिळालाय आपल्याला!" ब्रेडची बशी उचलून तो शीळ घालत गेला. दार झुलून बंद होईपर्यंत लाल एथेल सोलतच राहिली.

"मी वीस वर्षांची होते," ती म्हणाली. "तो काही राक्षस नव्हता. पण लग्नाचं विचारायची हिंमत त्याच्यात नव्हती. डबे भरणारी पोर, आणि तो चॅपलचा पंच. दिवस गेलेत, हे मी एकदाच सांगितलं त्याला. दुसऱ्यांदा सांगायला गेलेच नाही. हर्बर्ट तेव्हा माझ्या मागं मागं फिरायचा. मी त्याला हो म्हटलं. त्यानंतर डकवर्थशी मी एक शब्दही बोलले नाही. हेच माझं मौन."

"हर्बर्टला ठाऊक आहे?"

"हर्बर्टला?" तिनं पहिल्यांदाच वर बघितलं. डोळे कोरडे होते, आणि ते बघूनच एथेलला भीती वाटली. "फ्रीडाचं नाक आपल्या आईवर गेलंय म्हणून तो उतारूंना फोटो दाखवत हिंडतो. त्याला कळलं तर तो मला मारणार नाही गं. तो फक्त शीळ घालायचा थांबेल. मला ते बघवणार नाही."

"मग मी जाऊन सांगते, मला नको म्हणून. जाऊ दे पुतण्याच्या घशात."

"तुझं नाहीच, तर तू नको कसं म्हणणार? वकील विचारेल ना, मग कुणाचं? आणि तो पुतण्या काय गप्प बसणारे? एक एथेल नव्हे म्हटल्यावर तो दुसरी शोधेल. गाडीनं दीड तासाची वाट आहे." लाल एथेलनं ओल्या हातानं तिचं मनगट धरलं. "तूच घे. तुझ्याच नावावर आहे. सगळ्या गावानं मानलंय की तूच ती."

"काय मानलंय गावानं, माहीत आहे तुला? मी त्याची ठेवलेली बाई होते, असं मानलंय. साचेखात्यात रोज बघते मी त्यांचे ओठ."

"मला माहीत आहे मी काय मागतेय."

"नाही, तुला नाही माहीत. वॉल्टरला मी काय सांगू? तुझा सख्खा दीर आहे तो. त्याला सांगितलं तर तो एक दिवसही भावासमोर सरळ तोंडानं बसू शकणार नाही. नाही सांगितलं तर मी त्याच्या नजरेत कोण?"

दार उघडलं. या वेळी फ्रीडा होती. "आई, तुम्ही भांडताय?"

"कोळंबीवरून," एथेल म्हणाली. "तुझी आई डोकं नीट काढत नाही."

फ्रीडा हसली, काकूच्या भांड्यातली एक सोललेली कोळंबी तोंडात टाकली आणि गेली. एथेल त्या हलणाऱ्या दाराकडे बघत राहिली. मग तिनं जावेचा हात आपल्या मनगटावरून सोडवला.

"एक अट," ती म्हणाली. "मी खोटं बोलणार नाही. मी तोंड उघडणार नाही, पण खोटं बोलणार नाही. आणि कागदावर सही तू करायचीस. फॉदरगिलला आपण खरं सांगायचं. अशिलाचं गुपित बाहेर सांगणं त्याच्या धंद्यात बसत नाही."

दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी वॉल्टर आणि एथेल समुद्राकाठच्या बाकावर बसले होते. समोर वाळू मैलभर उघडी पडली होती. वॉल्टर चार दिवस नीट जेवला नव्हता आणि त्यानं एकदाही कारण सांगितलं नव्हतं. आता तो म्हणाला, "एथेल, एकच विचारतो. एकदाच विचारतो."

"विचार."

"ती तू होतीस का?"

"नाही."

त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं. वॉल्टर काही फार हुशार माणूस नव्हता, पण बिघडलेला साचा तो नुसता आवाज ऐकून ओळखायचा. पुष्कळ वेळ तो तसाच बघत राहिला. एथेलनं नजर हलवली नाही.

"मग कोण, ते सांगायचं नाहीये तुला."

"मला सांगता येत नाही, वॉल्टर."

"बरं," तो म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "बरं." मग उठून टोपी घातली. "चल. वारा सुटलाय. तुझा कान दुखेल."

सुट्टी संपली. मिसेस क्लफ मुलीकडून परत यायच्या आधी सगळं उरकायला हवं होतं. फॉदरगिल मोरकॅमला जाऊन आला. "समुद्राची हवा खायला" असं त्यानं कारकुनाला सांगितलं. ऐकून घेतल्यावर तो म्हणे बराच वेळ चष्मा पुसत बसला. मग इतकंच म्हणाला, की माणसाला वारशात जे मिळालं ते त्यानं कुणाला द्यावं ही त्याची मर्जी, आणि देणारीचं आणि घेणारीचं नाव एकच असू नये असा काही कायदा त्याच्या पाहण्यात नाही. लाल एथेलनं दोन ठिकाणी सही केली, एक वारसा घेतल्याची आणि एक तो जावेला दिल्याची. आपलंच नाव. एकही अक्षर खोटं नव्हतं.

राहिला होता रेजिनल्ड. तो वकिलाच्या कचेरीत आला तो हातात कसलेसे कागद नाचवत, आणि या वेळी आवाजही मऊ नव्हता.

"मी कोर्टात जातोय. काकाचं डोकं ठिकाणावर नव्हतं, किंवा या बाईनं त्यांना नादी लावलं होतं. दोन्हीतलं एक काहीतरी ठरेलच."

"एथेल ग्रिमशॉ यांनी रीतसर सही केलेली आहे," फॉदरगिल म्हणाला. हे वाक्य त्यानं आरशासमोर पाठ केलं असावं.

"ते राहू द्या. मिसेस ग्रिमशॉ, मी तुम्हाला विचारतो. माझ्या काकानं तुमच्यासाठी हे का ठेवलं?"

एथेल चॅपलला घालायचा कोट घालून बसली होती. बाजूला वॉल्टर, मांडीवर टोपी.

"मी काही सांगणार नाही."

"कोर्टात सांगावं लागेल."

"तर मग तिथं विचारा," एथेल म्हणाली. "पण त्याआधी तुमच्या डब्यावरचं चित्र एकदा बघा. तुमच्या काकांचा फोटो आहे, आणि खाली लिहिलंय, 'शुद्ध चव, शुद्ध आचरण'. रविवारच्या शाळांमधून जातात ना त्या गोळ्या? या परगण्यातल्या सगळ्या चॅपलांमधून? उद्या पेपरात छापून आलं की हे शुद्ध आचरणवाले काका कुणाकडे जात होते, तर परवा किती डबे परत येतील, त्याचा तुम्हीच विचार करा. हिशेब तुमच्याकडेच असतो."

बाहेर रस्त्यावरून दुधाची गाडी बाटल्या वाजवत गेली. रेजिनल्ड तिच्याकडे टक लावून बघत होता आणि एथेलला कळत होतं, की तो आता दोन गोष्टी तोलतोय. तो 'जाऊ दे कारखाना' म्हणाला, तर पुढच्याच आठवड्यात मिसेस क्लफच्या दारात त्याची गाडी उभी राहणार होती, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मोरकॅमला. तिनं वॉल्टरकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर तिला रडू आलं असतं.

तेवढ्यात वॉल्टर बोलला. कचेरीत शिरल्यापासून तो पहिल्यांदाच बोलत होता.

"आम्हाला काय, आमचं नाव जायचं ते गेलंय," तो म्हणाला. "माझ्याकडे बघून पबमध्ये लोक कपाळावर दोन बोटं धरतात, शिंगं म्हणून, बायकोनं फसवलेल्या नवऱ्याची. ते मी सोसलंय. कोर्टही सोसेन. तुम्हाला जमेल का, ते बघा साहेब."

रेजिनल्डनं हातातले कागद बॅगेत सरकवले. शेवटी तडजोड झाली. कारखाना त्याच्याकडे, टेकडीवरचं घर आणि वर्षाचा एक ठरावीक वाटा एथेलकडे. बाहेर आल्यावर एथेलला पायरीवरच बसावं लागलं. वॉल्टर तिच्यासमोर उभा राहिला, येणाऱ्याजाणाऱ्यांना ती दिसू नये म्हणून.

यानंतर ती सुखानं राहिली असं लिहिता आलं असतं, तर बरं झालं असतं. पण हॅडरशॉ काही विसरणाऱ्यांचं गाव नाही. पुढच्याच रविवारी गायकवृंदाचे मास्तर तिला बाजूला घेऊन म्हणाले, थोडे दिवस तिनं मागे बसावं, लोक बोलतात. एथेल 'बरं' म्हणाली, घरी आली, आणि रविवार असूनही कपड्यांचा हंडा चढवला. आमच्याकडे रविवारी कपडे धुणं म्हणजे उघड उघड बंड. त्या दिवशी सगळ्या गल्लीनं तिच्या दोरीवर वाळत घातलेल्या चादरी बघितल्या. काही वर्षांनी नव्या मास्तरांनी तिला परत बोलावलं. ती गेली नाही. भांडी घासताना मात्र गायची, आणि तेही पुरुषांच्या खालच्या सुरात, मुद्दाम.

टेकडीवरचं घर बघायला दोघं गेले तेव्हा वॉल्टरला एकच जागा आवडली, झाडं ठेवायची काचेची खोली. तिथं त्यानं कबुतरं नेऊन ठेवली. वरच्या दोन खोल्यांत ते राहायला लागले. पहिले काही महिने एथेलला झोपच येईना. भिंतीपलीकडून कुणाचा खोकला नाही, कुणाचं भांडण नाही. गिरणीतलं काम तिनं सोडलं नाही. खालचा सगळा मजला तिनं साचेवाल्या बायकांच्या तान्ह्या पोरांसाठी उघडून दिला, सांभाळायला दोन बायका ठेवल्या. पहिले काही दिवस एकही पोर आलं नाही. मग मिसेस शटलवर्थची सून एका पावसाळी सकाळी बाळाला घेऊन दारात उभी राहिली. सासूनं पाठवलं होतं, पण सासू स्वतः मात्र कोपऱ्यावर छत्री घेऊन थांबली होती.

"आत या म्हणावं तिला," एथेल म्हणाली. "फुकट आहे, आणि चहाही मिळतो."

फ्रीडाचं लग्न मोरकॅमलाच झालं. वेदीपर्यंत तिला हर्बर्टनं नेलं, आणि सगळा रस्ता तो इतका रडत होता की फ्रीडालाच त्याचा हात धरून चालवावं लागलं. एथेल काकूनं लग्नाला घर घेऊन दिलं, म्हणून सगळे तिचं कौतुक करत होते. एथेल ते ऐकून घेत होती. लाल एथेल मागच्या बाकावर बसून आपल्या हातमोज्यांची बटणं लावत होती आणि सोडत होती.

हर्बर्ट गेला तो त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. एका सकाळी उतारूंच्या न्याहारीची ताटं आत आणताना तो बसला तो उठलाच नाही. दफन करून वॉल्टर आणि एथेल बसनं परत येत होते. वॉल्टर खिडकीशी बसला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दगडी कुंपणं आणि मेंढ्या होत्या. अर्ध्या वाटेवर तो म्हणाला, "शेवटपर्यंत शीळ घालत होता."

"हो."

"तूच घालू दिलीस त्याला," वॉल्टर म्हणाला.

एथेलनं चमकून त्याच्याकडे बघितलं. तो बाहेरच बघत होता. कधीपासून त्याला ठाऊक होतं, कचेरीत बोलला तेव्हा ठाऊक होतं की नंतर कळलं, हे तिला विचारावंसं वाटलं. पण पुढच्या बाकावर माणसं होती, आणि विचारून काही बदलणारही नव्हतं. तिनं आपला हात त्याच्या कोटाच्या खिशात घातला. तिथं त्याचा हात आधीपासूनच होता.